चाक आपल्याकडे फिरलं पाहिजे

भाद्रपद सरला की नागपूरच्या उन्हाला पुन्हा चेव येतो. मे महिन्याचं ऊन निदान समोरून येतं. हे अश्विनातलं ऊन चोरासारखं पाठीमागून शिरतं. कूलर काढून ठेवायचा की अजून थोडे दिवस राहू द्यायचा, यावरून घराघरांत वाद चालू असतात. बाजारात सीताफळं आलेली असतात, देवीचे मांडव उभे असतात, आणि आमच्या उत्तर नागपुरात रस्त्याच्या कडेनं पांढऱ्या कापडाचे ठेले लागतात. पांढरे सदरे, पांढरे पायजमे, निळ्या काठाच्या पांढऱ्या साड्या, तान्ह्या पोरांची एवढीएवढीशी झबली. दसरा जवळ आला, दीक्षाभूमीची गर्दी जवळ आली, की आमचं अर्धं शहर पांढरं होतं.

काल भाजी घेऊन येताना अशाच एका ठेल्याशी थबकले. कोऱ्या कापडाच्या खळीचा वास नाकात गेला आणि पाय पुढे उचलेचना. ठेलेवाला म्हणाला, "घ्या ना बाई, धुतलं तरी चमक जात नाही." मी कसली घेते! मला कापड दिसतच नव्हतं. मला आमच्या मधल्या खोलीतली ती काळी मशीन दिसत होती, डिझेलचा वास येत होता, आणि ह्यांच्या शिव्या ऐकू येत होत्या. काही वर्षांपूर्वीचा तो अश्विन असाच कुठंही गाठतो मला.

आमच्या घरात पांढऱ्या कापडाला मान आहे. सासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हा ते पोरसवदा होते. अंगात घालायला पांढरा सदरा नव्हता. शेजाऱ्याचा मागून आणला, धुऊन घातला आणि परत करताना पुन्हा धुऊन दिला. म्हणून त्यांनी पुढं कधी दसऱ्याला जुना सदरा घातला नाही. नवं, पांढरं आणि स्वतःचं, असा त्यांचा नेमच होता. तो नेम आमच्या ह्यांच्याकडे आला.

हे म्हणजे देवानंदराव. गल्लीत सगळे देवाभाऊ म्हणतात. हिंगण्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सचे फिटर होते. बंद पडलेलं यंत्र ह्यांच्यापुढं ठेवा, हे त्याला कान लावणार, इकडं टकटक, तिकडं टकटक करणार, आणि सांगणार, "बेरिंग गेली." माणसांचं दुखणं ओळखायला मात्र शून्य. माझं डोकं दुखत असलं तर तीन वेळा सांगावं लागतं. आणि माझा स्वभाव मास्तरणीचा, एकदा सांगितलेलं ऐकलं नाही की टाळकं सटकतं. असा आमचा संसार.

त्या उन्हाळ्यात ह्यांना लकवा मारला. डावी बाजू गेली. जीव वाचला, तोंड हळूहळू सरळ झालं, हातही बऱ्यापैकी परत आला. पण डावा पाय घोट्याखाली रुसून बसला तो बसलाच. गुडघा वाकायचा, मांडी उचलायची, आणि खाली तो पंजा लोंबत राहायचा, आमचा नसल्यासारखा. व्यायाम शिकवायला एक तरुण मॅडम घरी यायच्या. त्या म्हणायच्या, "काका, पाय मेला नाही. डोक्यातून पायाकडं जाणारी जुनी वाट बंद झाली. आता नवी पाडायची. गवतातून रोज त्याच जागेवरून गेलं की पायवाट पडते ना, तसं. पंजा खाली, टाच खाली. पंजा, टाच. जितकं जास्त तितकं चांगलं."

ह्यांनी तोंड वाकडं केलं. "बिनकामाचं काहून हलवू मॅडम? मी का पंखा आहो?"

हसायची गोष्ट नव्हती. ह्या माणसानं आयुष्यात बिनकामाची हालचाल कधी केलीच नव्हती. पलंगावर बसून हवेत पंजा हलवायचा, हे त्यांच्या डोक्यात शिरेचना. मॅडमसमोर हलवल्यासारखं करायचे, त्यांची पाठ वळली की बंद. मी ओरडायची, पालथ्या घड्यावर पाणी. आणि वर पण काय, तर, "दीक्षाभूमीवर मले उचलून नेशील तर मी येत नाही. माह्या पायानं येईन, नाहीतर घरीच बसून वंदना म्हणीन." दरवर्षी आम्ही चालत जातो. पोरं लहान होती तेव्हा खांद्यावर घेऊन गेलोय. आता पाय हलवायचाही नाही आणि उचलून न्यायचंही नाही! आता बोला.

एकदा वर्गात पोरांच्या वह्या तपासता तपासता माझाच पाय बाकाखाली हलत होता. पंजा, टाच, पंजा, टाच. लहानपणी आईच्या मशीनखाली बसायची मी, तिच्या पायांकडं बघत. तीच हालचाल! आणि बिनकामाची मुळीच नाही, वर कपडा शिवून निघतो. माझ्या हातातला लाल पेन तसाच राहिला. ह्यांना पायमशीन आणून द्यायची. बंद पडलेली आणायची, म्हणजे आधी तिला दुरुस्त करायची ओढ लागेल.

कुहीला माझी पहिली नोकरी. तिथले वासुदेव टेलर माझे ब्लाऊज शिवायचे. फोन केला तर म्हणाले, "आहे ना बाई, कोपऱ्यात पोत्याखाली पडून आहे." रविवारी मी एकटीच गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान निसवायला आलेलं, बांध्यांत पाणी, बगळे. वासुदेव टेलर म्हातारे झाले होते. दुकानात मोटरवाली नवी मशीन होती आणि कोपऱ्यात ही.

काळी, बाकदार मानेची. अंगावर सोनेरी वेलबुट्टी, पण जिथं शिवणाऱ्याचा हात पडतो तिथली वेल पुसून गेलेली. खाली ओतीव लोखंडाचा जाळीदार सांगाडा. आणि मानेच्या वर, अगदी मधोमध, कुंकवाचा जाड थर, वाळून खपली धरलेला.

"माह्या बापानं घेतली होती, जुनीच," वासुदेव म्हणाले. "बापाच्या आधी कोणाची होती, देव जाणे. मोटर आली तवापासून इच्याकडं पाहणं होत नाही. पण भंगारात देववत नाही बाई. तुमी चालवान म्हणता, मंग न्या. येक करजा. खंडेनवमीले कपाळाले बोट लावजा. बापानं कधी चुकवलं नाही, म्याही नाही."

आम्ही बुद्धाची माणसं. यंत्राला कुंकू लावायची आमच्यात रीत नाही. पण म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच उंबऱ्यात नाही कसं म्हणायचं? "जपीन तिला," एवढंच म्हणाले.

टेम्पोतून मशीन उतरली तेव्हा शेजारची छाया गेटात उभी. "आता वं बाई, मॅडम टेलरीन झाल्या का?" मी ह्यांच्याकडं बघत होते. पलंगावरून उठले, भिंत धरत आले, खुर्चीत बसले. उजव्या हाताचा तळवा तिच्या मानेवर ठेवला, मग चाकावर. फिरवून पाहिलं. हललं नाही.

"जाम आहे," म्हणाले. आणि उन्हाळ्यापासून पहिल्यांदा त्या चेहऱ्यावर जीव दिसला मला. "पेचकस आण."

पुढचे कितीतरी दिवस मधल्या खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. जुन्या चादरीवर पेच, पट्ट्या, स्प्रिंगा. वाटीत डिझेल, हातात जुना टूथब्रश. ह्यांचा डावा हात अजून थरथरायचा, म्हणून बारीक काम माझ्याकडं. हे बघणार आणि हुकूम सोडणार. "हळू वं! पेच आहे तो, वांगं नाही." मी म्हणायची, "मग तुम्हीच करा." तर खरंच हात पुढं करायचे. पेच निसटायचा, पलंगाखाली जायचा, आणि मी झाडू घेऊन आडवी. जुन्या तेलाचा डिंक झाला होता. वास घेतला तर खोबरेल! कोणी तरी कधी घरातलं केसांचं तेल सोडलं असणार. आपल्याकडं हिवाळ्यात खोबरेल बाटलीत गोठतं, ते लोखंडात काय सुखानं राहणार?

तो डिंक निघाला, तरी चाक अडायचं. ह्यांनी कान लावला. "वरच्या दांड्याले तेलच पोचून नाही राहिलं. वरून भोक असते तेलाचं. कुठं आहे?"

मी शोधलं, नव्हतं. ह्यांनी डोळे मिटून बोटानं मान चाचपली, मागून पुढं, पुढून मागं. मग बोट थांबलं. "इथंच असलं पाहिजे."

बोट कुंकवाच्या खपलीवर होतं.

केसातली पिन घेऊन मी कोरायला लागले. वर भडक लाल, त्याखाली भगवट, त्याखाली काळपट, त्याखाली तांदळाचा एक दाणा, त्याखाली झेंडूची पाकळी, कागदासारखी. पुन्हा लाल. दरवर्षी एक बोट, एकावर एक. आणि सगळ्यांच्या तळाशी ते भोक, गच्च बुजलेलं. जिथून तेल आत जायचं, नेमकी तीच जागा बाप-लेकांनी मशीनचं कपाळ ठरवली होती. जितकी ती अडखळत असेल तितकं त्यांनी भक्तीनं बोट लावलं असेल, आणि जितकं बोट लावलं तितकी ती कोरडी पडली.

मला आधी हसूच फुटलं. हे हसले नाहीत.

"हसू नको वं. खाली बापाचं बोट आहे, वर लेकाचं." त्यांनी भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. "अन् ही पाह्य ना. इतकी वर्षं कोरड्या हाडानं चालली. गावाचे कपडे शिवले. एका शब्दानं बोलली नाही."

खोटं कशाला सांगू, त्या खोलीत मला त्या लोखंडापुढं एकदम लहान वाटलं. कुहीच्या किती लग्नांचे ब्लाऊज, किती शाळेच्या चड्ड्या, माझे स्वतःचे ब्लाऊज, सगळं ह्या तहानेल्या जिवानं शिवलं होतं. ह्यांच्या कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांना हार-फुलं वाहायचे. एकदा कोणी तरी विचारलं होतं, "देवाभाऊ, तुमी नाही करत पूजा?" हे म्हणाले, "करतो ना. तुमच्या आदल्या दिवशी." आदल्या दिवशी हे कोपरापर्यंत ग्रीसमध्ये असायचे.

कोरलेलं कुंकू मी कागदावर गोळा केलं आणि जास्वंदीच्या बुडाशी टाकलं. केरात टाकवलं नाही.

तेवढ्यात ह्यांना सुचलं, "तू बी माह्यावर हेच करून राहिली."

"मी काय केलं?"

"पाणी हातात, ताट पलंगावर, चप्पल पायात. तेल जायले जागाच नाही ठेवली."

नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या! रात्रंदिवस मरमर करायची आणि वर हे ऐकायचं. त्या दिवशी ताट पलंगावर दिलंच नाही. "या म्हटलं स्वयंपाकघरात." आले. भिंत धरून, शिव्या देत, पण आले. दुसऱ्या दिवशीपासून तेच सुरू झालं.

वासुदेवांना सांगावं की नाही, याची मला धास्ती होती. ह्यांनी सरळ फोन लावला. भोकाचं सगळं सांगून टाकलं. पलीकडून बारीक आवाजात, "म्हंजे मीच तिचं तोंड दाबून ठेवलं होतं काय भाऊ?"

"तुमी कायले? तुमी तं हात जोडले," हे म्हणाले. "आता मोकळं झालं."

"मंग नव्या मशीनले कुठं लावू?"

"पायडलले लावा ना. सारं वझं त्याच्यावर, अन् फूल कधी त्याले भेटत नाही."

वासुदेव हसले. इतके की मला पलंगापर्यंत ऐकू आलं.

मशीनचं तेल सोडलं, थेंब थेंब, आणि वाट पाहिली. मग मी चाक हातानं फिरवलं. पहिल्यांदा जड, मग जरा कमी जड, आणि मग अचानक, जणू कोणी आतून कडी काढावी, तसं सैल. सुई खाली गेली, वर आली. खालचं शटल फिरलं. कुठं खट्ट नाही, कुठं घासणं नाही. घड्याळासारखा आवाज. आम्ही दोघं तो ऐकत राहिलो. जन्मभर शिवलेले कपडे अंगावर घातले, पण टाका कसा पडतो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ह्यांनी झाकण सरकवून दाखवलं. वरचा दोरा सुईबरोबर खाली येतो, सुई माघारी फिरताना त्याचा चिमुकला फास सुटतो, शटलचं टोक त्याला अचूक गाठतं आणि खालच्या बॉबीनला पूर्ण वळसा घालून आणतं. डोळ्याची पापणी लवायच्या आत. जरा इकडंतिकडं झालं की टाका चुकलाच. ते बघताना मी तोंडात बोटच घालायची बाकी होते. कोणाच्या डोक्यातून निघालं असेल हे? कोणत्या अंधाऱ्या खोलीत बसून, किती दोरे तोडून? ज्याचं त्यालाच ठाऊक. आणि आपण ते साडीला फॉल लावायला वापरतो.

अजून दर रविवारी मी त्या सगळ्या भोकांत एकेक थेंब सोडते. कापसानं धूळ काढते, सुईखालच्या, कापड पुढं ढकलणाऱ्या दातांमधला लोकरीसारखा कचरा पिनेनं ओढते, चामड्याचा पट्टा ढिला पडला की अंगठाभर कापून पुन्हा जोडते. काम झालं की सुईखाली चिंधीचा तुकडा ठेवून दाब खाली सोडते, म्हणजे ओघळलेलं तेल तो पितो. हे सगळं शिकले ते त्याच दिवसांत. त्या वेळी पहिल्या चिंध्यांवर तांबूस डाग पडायचे. आत पोचलेलं कुंकू तेलाबरोबर उतरत होतं. दसऱ्याच्या पायजम्याचं पांढरं कापड मी केव्हाच आणून ठेवलं होतं, पण हे म्हणाले, "चिंधी कोरी निघेल तेव्हा पांढऱ्याले हात लावू." चिंध्यांमागून चिंध्या. डाग फिका होत गेला आणि एकदा उरलाच नाही.

मशीन बरी झाली. आता पाय.

पायमशीनचा एक हट्टीपणा आहे. चाक आपल्याकडं फिरलं पाहिजे. उलटं, पलीकडं फिरलं की दोरा खाली गुंतून गोळा होतो आणि कापड अडकतं. हातानं चाकाला आपल्याकडं झटका द्यायचा आणि त्याच क्षणी पायानं लय धरायची. ह्यांचा पाय लय धरायच्या आतच गळायचा. पंजा दाबला जायचा, टाच दाबली जायची नाही, चाक अर्ध्यात थांबायचं आणि उलटं घरंगळायचं. खर्र. गोळा. शिवी. कात्रीनं दोरा कापायचा, पुन्हा सुरू. दिवसभर आमच्या घरात तेवढाच आवाज.

मग मी दोरा काढूनच टाकला. आईनं मला शिकवलं होतं तसं, जुन्या वहीची रेघांची पानं सुईखाली दिली. रेघेवरून भोकं पाडत जायचं, एवढंच. संध्याकाळी ती पानं मी उजेडाला धरून तपासायची. रेघेवर चार भोकं, मग वर पळालेली, मग एकाच जागी भोसका. "अक्षर सुधारा," मी म्हणायची. एके दिवशी पान पाहते तर काय, ओळ सरळ! माझं काळीज उडालं. वाकून पाहिलं तर उजवा पाय पायडलवर.

"कॉपी करता?"

"थो आपला आपण आला वं. त्याले सवय आहे."

साठीला टेकलेला माणूस, आणि चेहरा असा की शाळेतला पोट्टाही इतका निर्लज्ज नसेल. उजव्या पायाला मी स्टुलावर बसवलं आणि दुपट्ट्यानं बांधून टाकलं. छायानं खिडकीतून पाहिलं आणि गल्लीभर केलं, "मॅडमनं देवाभाऊले बांधून ठेवलं."

असं हसण्यावारी नेलं आम्ही, पण दसरा सरकत जवळ येत होता आणि चाक काही आपल्याकडं फिरत नव्हतं. ह्यांना पायानं यायचं होतं, आणि पाय तर पायडलसुद्धा सांभाळत नव्हता. मांडव उभे राहिले, भोंगे सुरू झाले. एका दुपारी ह्यांनी डावा पाय दोन्ही हातांनी उचलून पायडलवरून बाजूला ठेवला, एखादं सामान ठेवावं तसा.

"उचल वं ही. वासुदेवले वापस दे."

मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही. डोळे पुसत पुसतच म्हणाले, "देते. पण तुम्ही स्वतः नेऊन द्यायची. कुहीपर्यंत. चालत."

माझ्याकडं रागानं पाहिलं. मग पाय उचलला, पुन्हा पायडलवर ठेवला. आणि पुन्हा ते खर्र.

त्या वर्षी दीक्षाभूमीवर गेलो का, हे अजून लोक विचारतात. गेलो. ऑटो जिथं अडवतात तिथून पुढं हे काठीनं. माणसांचा पूर, आणि त्यात आमचं हे गोगलगायीचं चालणं. मागून येणारे वळसा घालून पुढं जायचे, कोणी धक्का दिला नाही. मध्येच बसावं लागलं, एका अनोळखी कुटुंबाच्या सतरंजीवर. दूर मराठवाड्यातून आलेली माणसं होती. त्यांनी काही न विचारता जागा केली, चिवडा दिला. उन्हं कलल्यावर पोचलो. ह्यांच्या अंगावर नवा पांढरा पायजमा होता, एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड आणि शिवण नागमोडी. स्तूप दिसला तेव्हा हे काठी माझ्याकडं देऊन हात जोडून उभे राहिले, तेवढ्यापुरते. आजही तो पाय ओढतच टाकतात. मी काही चमत्कार सांगत नाही.

पण खळीच्या वासानं मी ठेल्यापाशी थांबते ती त्या संध्याकाळसाठी नाही. आदल्या दुपारसाठी.

ती खंडेनवमीची दुपार. गल्लीत नळाखाली स्कूटर, ट्रक, रिक्षा धुतल्या जात होत्या. रस्त्यानं बाहेरगावची माणसं बोचकी घेऊन आधीच यायला लागलेली. आमच्याकडंही पारशिवनीहून ह्यांची बहीण मुक्कामाला यायची होती, म्हणून मी कणीक मळत होते. मधल्या खोलीत हे पायजम्याच्या शिवणीला बसले होते. माझा कान सवयीनं त्या खर्रकडं लागलेला. झटका दिल्याचा आवाज आला. आता खर्र येईल. आलं नाही.

कणकेत हात तसेच ठेवून मी उभी राहिले. घड्याळासारखा आवाज. मध्येच मंदावला. पुन्हा उचलला. मंदावला, उचलला. हाक मारायची छाती होईना. पावलं न वाजवता दारापाशी गेले.

उजवा पाय स्टुलावर होता. मी तो आधी पाहिला, मास्तरणीची खोड. स्वस्थ होता. आणि खाली डावा. पंजा दाबला जात होता, टाच दाबली जात होती. पंजा, टाच. सावकाश, जड, पण एकामागून एक. घोट्याची ती शीर उठायची, बसायची. मी त्या पायाला पाच महिने तेल लावलं होतं, पुसलं होतं, चप्पल घातली होती, आणि मला तो ओळखू येईना. कुठून आला होता हा? कुठल्या गवतातून वाट काढत? ह्यांना पत्ताच नव्हता. ह्यांचं सगळं लक्ष शिवणीवर, जीभ दातांत धरलेली. पांढरं कापड सुईखालून पुढं चाललं होतं, आणि चाक आपल्याकडं फिरत होतं.

कापड संपलं. तुकडा सुईच्या पलीकडं जाऊन खाली पडला. सुई रिकामीच वर-खाली होत राहिली. ह्यांनी खाली पाहिलं, आणि तेव्हा त्यांना कळलं.

"अवं!" केवढ्यानं ओरडले. "अवं, थांबून नाही राहिला!"

"चाकाला हात लावा ना!"

"नाही लावत!" दोन्ही हात वर केलेले, सायकलचं हँडल सोडणाऱ्या पोरासारखे. डोळ्यांतून धारा, आणि तोंड हसून हसून पुन्हा वाकडं झालेलं. "पाहू दे ना वं, कुठवर जाते!"

दोरा खाली गुंतत होता. गुंतू दे म्हटलं. कणकेच्या हातांनी मी त्या पायाजवळ जमिनीवर बसले, आणि बघत राहिले.